मेलेल्या जंतूची वर्दी

रात्री गावात चोर शिरला तर आधी कोणाला कळते? पाटलाला नाही, कोतवालालाही नाही. आधी कळते ते कुत्र्याला. चोराचे नाव, गाव, जात कुत्र्याला ठाऊक नसते. हा वास आपल्या गल्लीतला नाही, एवढेच त्याला कळते आणि तो भुंकू लागतो. एक भुंकला की दुसरा भुंकतो. मग माणसे उठतात, कंदील बाहेर येतात.

आपल्या अंगातही अशीच राखण आहे. ती कोणी शिकवावी लागत नाही. मूल जन्माला येते ते ही राखण घेऊनच येते. म्हणून तिला जन्मजात राखण म्हणतात. लस टोचल्यावर अंगात जी राखण तयार होते ती वेगळी. ती शिकलेल्या शिपायासारखी असते. एकेका जंतूची ओळख ती पक्की करून ठेवते, पण त्याला दिवस लागतात. जन्मजात राखण मात्र लगेच उठते.

पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. मग पू होतो. पू म्हणजे घाण, असे आपण समजतो. पण खरे पाहता पू म्हणजे लढाईत पडलेले शिपाई. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतूंना गिळतात आणि त्या कामी मरतातही. त्यांचे ढीग म्हणजे पू. मेचनिकॉफ नावाच्या एका रशियन शास्त्रज्ञाने 1882 साली इटली देशात, समुद्रकाठी, हे पहिल्यांदा ओळखले. समुद्रात तारामासा नावाचा जीव असतो. त्याचे पिल्लू काचेसारखे आरपार दिसते. मेचनिकॉफने त्या पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला. त्या पिल्लाला कोणी शिकवले होते? कोणी नाही.

आता पुवाची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगतो. ती पुढे आपल्या फार कामाची आहे.

1869 साली जर्मनीत ट्युबिंगन नावाच्या गावी मीशर नावाचा एक तरुण डॉक्टर होता. जवळच्या दवाखान्यातून तो जखमांच्या पट्ट्या मागवी. पुवाने भिजलेल्या, टाकून द्यायच्या पट्ट्या! त्या धुऊन तो पुवातल्या पेशी गोळा करी. एका जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात त्याची प्रयोगशाळा होती. तिथे त्याने त्या पेशी फोडल्या. आतून एक पांढरा, चिकट पदार्थ निघाला. तोवर कोणाला असा पदार्थ माहीत नव्हता. आज सारे जग त्याला डीएनए म्हणते. ज्याच्यामुळे मुलाचे नाक बापासारखे होते आणि ज्वारीच्या बियातून ज्वारीच उगवते, तो पदार्थ माणसाला पहिल्यांदा सापडला तो पुवाच्या चिंध्यांत.

डीएनए म्हणजे एक धागा आहे असे समजा. दोन पदरी सुतासारखा पिळलेला. त्याची ही घडण 1953 साली कळली. या धाग्यावर चार प्रकारचे मणी आहेत. त्या मण्यांच्या ओळीत शरीर कसे घडवायचे ते लिहिलेले असते, जसे आपण अक्षरांनी लिहितो तसे. प्रत्येक प्राण्याच्या, झाडाच्या, जंतूच्या पेशीत असा धागा असतो. आपल्या एका पेशीतला धागा ताणून सरळ केला तर तो सुमारे 2 मीटर, म्हणजे पुरुषभर उंचीपेक्षाही लांब भरेल. आणि पेशी केवढी? डोळ्यांना दिसणारही नाही एवढी. मग एवढा धागा राहतो कुठे?

घरात बियाणे कुठे ठेवतो आपण? उघड्यावर नाही ठेवत. कोठीत, कणगीत ठेवतो आणि वरून लिंपून घेतो. पेशीही तसेच करते. पेशीच्या मधोमध एक बंद कोठी असते. तिला केंद्रक म्हणतात. डीएनएचा धागा त्या कोठीत गुंडाळून ठेवलेला असतो. पेशीत बळ तयार करणाऱ्या बारीक चुली असतात, त्यांच्याजवळही थोडासा असतो, तोही झाकलेला. कोठीच्या बाहेर पेशीचे मोकळे अंगण आहे. तिथे पातळ रस असतो, शंभर कामे चाललेली असतात, पण डीएनए नसतो.

नसायलाच पाहिजे. इथेच सगळे मर्म आहे.

सकाळी उठून तुम्ही पाहिले, तर अंगणात बियाणे सांडलेले. तुम्ही काय म्हणाल? एक तर बाहेरचा कोणी पोते घेऊन येऊन गेला, नाही तर आपलीच कणगी फुटली. दोन्हीपैकी काहीही असो, घरच्यांना हाक मारावीच लागेल. पेशीही असाच विचार करते. अंगणात डीएनए दिसला, की काही तरी बिघडले आहे. तो डीएनए कोणाचा, त्यावर काय लिहिले आहे, हे वाचत बसायला वेळ नाही. आधी हाक.

ही हाक मारणारा राखणदार कोण, ते बरीच वर्षे कळत नव्हते. 2012 च्या अखेरीस अमेरिकेत डॅलस गावी चेन नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या जोडीदारांनी तो शोधून काढला. त्याचे नाव सीगॅस. नाव अवघड आहे, पण काम सोपे आहे. आपण त्याला जागल्या म्हणू. हा जागल्या पेशीच्या रसात फिरत असतो. डीएनएचा धागा हाती लागला की तो त्याला घट्ट पकडतो. पकडल्याबरोबर त्याचा आकार बदलतो आणि तो एक चिमुकला पदार्थ तयार करू लागतो. ती चिठ्ठीच समजा. चिठ्ठ्या पेशीभर पसरतात आणि स्टिंग नावाच्या दुसऱ्या एका हस्तकाला जाऊन भिडतात. स्टिंगचा शोध त्याआधी, 2008 साली लागला होता. चिठ्ठी मिळाली की स्टिंग जागा होतो, तो पुढच्याला हलवतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी वर्दी कोठीत पोचते. कोठीतून हुकूम निघतो: इंटरफेरॉन तयार करा.

इंटरफेरॉन म्हणजे दवंडी. तो पेशीच्या बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींना सांगतो की आमच्याकडे चोर आहे, तुम्ही दारे लावा. शेजारच्या पेशी खरोखरच दारे लावून बसतात. विषाणू त्यांच्यात शिरला तरी त्याला वाढता येत नाही. फ्लूचा ताप आला की अंग मोडून येते, हातपाय दुखतात, काही खावेसे वाटत नाही. त्या त्रासातला मोठा वाटा जंतूचा नसून या दवंडीचा असतो. हा पदार्थ लंडनमध्ये 1957 साली सापडला.

आता तुमच्यातला कोणी विचारील, सगळ्याच जंतूंना डीएनए असतो, आपल्यालाही असतो, मग आपला कोणता आणि परका कोणता हे कसे ओळखायचे? प्रश्न रास्त आहे. सीगॅस जागल्या हे जागेवरून ओळखतो. कोठीत आहे तो आपला, अंगणात आहे तो संशयाचा. पण शरीराला आणखी एक खूण माहीत आहे.

गुरे पांगली की कोंडवाड्यात घालतात. तिथे अंगावरचा डाग पाहतात. ज्याचा डाग त्याचे जनावर. पांढऱ्या पेशीने जंतू गिळला की तो तिच्या पोटातल्या बारीक पिशवीत जातो. ही पिशवी म्हणजे पेशीचा कोंडवाडा. तिथे जंतूचे तुकडे होतात, त्याचा धागा मोकळा होतो. त्या पिशवीच्या भिंतीत एक तपासनीस बसलेला असतो. त्याचे नाव टीएलआर-नऊ. जपानमध्ये ओसाका इथल्या अकिरा या शास्त्रज्ञाने 2000 साली त्याचे काम दाखवून दिले. आपल्या डीएनएवर ठरावीक ठिकाणी बारीक खुणा असतात, डाग दिल्यासारख्या. जंतूच्या डीएनएवर त्या ठिकाणी तशा खुणा नसतात. बिनडागाचा धागा दिसला की तपासनीस ओरडतो. मग पेशी सूज आणणारे, ताप आणणारे पदार्थ बाहेर सोडते.

एवढे समजले म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या एका जुन्या रोगाचे कोडे उलगडते. तो रोग म्हणजे कुष्ठरोग. जुनी माणसे त्याला महारोग म्हणत.

कुष्ठरोगाचा आणि वर्ध्याचा संबंध फार जुना. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर इथे कुष्ठधाम सुरू केले. त्या काळी या रोग्यांना घरातून, गावातून हाकलून देत. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे विद्वान आले. त्यांना हा रोग होता. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, त्यांच्यासाठी कुटी बांधली, स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळले. 1951 साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. डॉ. वार्देकरांनी तिथे एक नवी रीत घातली. रोगी दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहायची नाही. घरोघर जायचे, सगळ्यांना तपासायचे, समजावून सांगायचे आणि गावातच गोळ्या द्यायच्या. ही रीत पुढे देशभर गेली. गावाच्या चावडीपाशी तपासणी झालेली आठवते, असे सांगणारी म्हातारी माणसे वर्ध्याकडे अजून भेटतील.

त्या वेळी गोळी एकच होती, डॅप्सोनची. ती वर्षानुवर्षे, कधी जन्मभर खावी लागे. हळूहळू जंतू त्या गोळीला दाद देईनासे झाले. म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. ही पद्धत देशात ज्या जिल्ह्यांत अगदी आरंभी सुरू झाली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. आता सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही.

मग कोडे कसले?

कोडे असे. समजा, सेलू तालुक्यातला एक शेतकरी आहे. त्याच्या अंगात जंतू पुष्कळ होते. कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या, चेहरा तेलकट, चकचकीत दिसे. त्याने गोळ्या सुरू केल्या. पाच-सहा महिने नीट खाल्ल्या. एक दिवस एकाएकी ताप आला. हातांवर, मांड्यांवर, तोंडावर लाल गाठी उठल्या. हात लावला तर कळ येते. सांधे धरले. डोळे लाल झाले. कोपरामागची शीर दुखू लागली. तो वैतागून म्हणतो, “गोया खाऊन तं बरा व्हायचं सोडून बिमारीच वाढली. ह्या गोयाईनंच केलं हे. आता नाई खात मी!” आणि तो गोळ्या उकिरड्यावर फेकून देतो.

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्याने पाहिले तेच तो बोलला. औषधाआधी दुखत नव्हते आणि औषधानंतर दुखू लागले, हे खरेच आहे. पण त्याने काढलेला अर्थ चुकीचा आहे आणि त्या चुकीपायी हात वाकडा होऊ शकतो, डोळाही जाऊ शकतो. म्हणून हे नीट समजून घेतले पाहिजे.

कुष्ठरोगाचा जंतू 1873 साली नॉर्वे देशात हॅन्सन या डॉक्टरने शोधला. हा जंतू फार सुस्त आहे. इतर जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. याला त्यासाठी 12 ते 14 दिवस लागतात. अंगात शिरल्यावर चट्टा दिसेपर्यंत सरासरी 5 वर्षे जातात, कधी 20 वर्षेही. तो ताप आणत नाही, खाज आणत नाही, दुखवत नाही. उलट, शिरांवर बसून दुखणेच नाहीसे करतो. चट्ट्याला टाचणी टोचली तरी कळत नाही. शंभरात 95 माणसांची राखण इतकी चांगली असते की हा जंतू आला तरी त्यांना रोग होत नाही. उरलेल्यांतही दोन तऱ्हा असतात. काहींच्या अंगात राखण लढते, तिथे चट्टे एक-दोन आणि जंतू थोडे. काहींच्या अंगात राखण झोपी जाते, तिथे जंतू कोट्यवधी वाढतात.

राखण झोपी का जाते? शास्त्रज्ञांना इथे एक गमतीची गोष्ट दिसली. गंमत म्हणतो, पण ती रोग्याला महाग पडते. हा जंतू आणि क्षयरोगाचा जंतू चुलतभाऊ आहेत. क्षयाचा जंतू पेशीने गिळला की तो कोंडवाड्याच्या भिंतीला भोके पाडतो. मग त्याचा डीएनए अंगणात झिरपतो आणि सीगॅस जागल्या ओरडतो. हे 2015 साली कळले. आता तुम्ही म्हणाल, बरे झाले, चोर पकडला गेला. पण तसे होत नाही. सीगॅसची दवंडी विषाणूंसाठी चांगली आहे. या सुस्त जंतूंसाठी वेगळी दवंडी लागते. एका दवंडीच्या गोंगाटात दुसरी ऐकू येत नाही. कुष्ठरोग्यांच्या चट्ट्यांचे तुकडे तपासून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2013 साली हेच दाखवले. ज्यांच्या अंगात जंतू पुष्कळ, त्यांच्या चट्ट्यांत चुकीच्या दवंडीचा जोर होता आणि तिच्यामुळे बरोबर दवंडी दबून गेली होती. आग लागली असताना कोणी “पूर आला, पूर आला” म्हणून ओरडावे आणि लोकांनी पाण्याच्या बादल्या सोडून टेकडीवर पळावे, तसे हे झाले.

आता आपल्या सेलूच्या शेतकऱ्याकडे वळू. त्याच्या अंगात कोट्यवधी जंतू होते. गोळ्यांनी ते मेले. पण मेलेला जंतू लगेच नाहीसा होत नाही. वावरात पऱ्हाटी उपटली तरी ढीग बांधावर पडून राहतो ना, तसे. या जंतूचे अंग मेणचट असते. ते विरघळायला, शरीराने झाडून काढायला महिने, कधी वर्षे लागतात. या काळात मेलेले जंतू फुटत राहतात. फुटले की त्यांचा डीएनए मोकळा होतो. तो डीएनए बिनडागाचा. तो कोंडवाड्यात आला की टीएलआर-नऊ तपासनीस ओरडतो. एक-दोन धागे असते तर एवढे झाले नसते. पण इथे कोट्यवधी धागे! सगळी राखण एकदम खडबडून उठते. रक्तात सूज आणणारे पदार्थ भराभर वाढतात. त्यातूनच ताप, लाल गाठी, सांधेदुखी, शिरांची कळ.

ही नुसती कल्पना नाही. ब्राझील देशातही कुष्ठरोग पुष्कळ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2016 साली असे लाल गाठी उठलेले रोगी तपासले. त्यांच्या पांढऱ्या पेशींत टीएलआर-नऊ जास्त सापडला. रोग्यांच्या रक्तात जंतूच्या डीएनएला चिकटून राहणारा जंतूचाच एक पदार्थही जास्त होता. मग त्यांनी रोग्यांच्या पेशी काचेच्या भांड्यात ठेवून टीएलआर-नऊचे तोंड बंद करणारे औषध घातले. सूज आणणारे पदार्थ कमी झाले. म्हणजे ओरडणारा हाच, हे ठरले. ते औषध अजून प्रयोगशाळेतले आहे, दवाखान्यातले नाही.

तेव्हा आपल्या गड्याला सांगायचे ते असे. बाबा रे, गोळीने बिघडवले नाही. गोळीने जंतू मारले. मेलेल्या जंतूची वर्दी तुझ्या अंगाला आता मिळाली आहे आणि अंग उशिराने पण जोराने भांडते आहे. डॉक्टर याला रिॲक्शन म्हणतात. ती औषध सुरू होण्याआधीही येऊ शकते, औषध चालू असताना येते आणि औषध संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनीही येते. पुन्हा रोग झाला असे मुळीच समजू नये. गोळ्या चालूच ठेवायच्या. पण घरी बसूनही चालणार नाही. कारण ही भांडणे शिरांच्या शेजारीच होतात, आणि शीर बिचारी मधल्यामध्ये चिरडते. काही दिवसांत पंजा वाकडा होतो, पाय लोंबतो, पापणी मिटेनाशी होते. वेळेवर दवाखाना गाठला तर हे टळते.

रिॲक्शनचा आणखी एक प्रकार आहे. त्यात नव्या गाठी येत नाहीत, जुनेच चट्टे लाल होऊन फुगतात. ती राखण दुसऱ्या जातीची, शिकलेल्या शिपायांची. पण रोग्याने करायचे तेच, ताबडतोब दवाखाना.

डॉक्टर सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या हळूहळू कमी करायच्या असतात, मनाने एकदम बंद करायच्या नसतात. लाल गाठींसाठी आणखी एक औषध आहे, त्याचे नाव थॅलिडोमाइड. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. 1957 नंतर युरोपात ते झोपेची गोळी म्हणून विकत. गरोदर बायकांनी ते घेतले आणि हजारो मुले हातपाय नसलेली जन्मली. 1961 साली ते बाजारातून काढून घेतले. पण काही गोळ्या जेरुसलेमच्या एका दवाखान्यात कपाटात पडून होत्या. तिथे शेस्किन नावाचे डॉक्टर कुष्ठरोग्यांना पाहत. 1964 साली गाठींच्या वेदनांनी ज्याला झोपच येत नव्हती अशा रोग्याला, निदान झोप तरी लागेल म्हणून, त्यांनी त्या दिल्या. झोप लागलीच, शिवाय एक-दोन दिवसांत गाठी आणि वेदनाही उतरल्या. पुढे 1991 साली कळले की हे औषध सूज आणणाऱ्या एका मुख्य पदार्थाला आवरते, आणि ब्राझीलमध्ये डीएनएच्या वर्दीने वाढलेला दिसला तो पदार्थही त्यातच येतो. गरोदर बाईने किंवा जिला दिवस जाऊ शकतात अशा बाईने हे औषध घेऊ नये. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी “मलेही तसंच होते” म्हणून कधीच घेऊ नये.

आता मघाची एक गोष्ट राहिली. अंगणात बियाणे दिसले तर आपलीच कणगी फुटलेली असू शकते, असे म्हटले होते. तसेही होते. आपल्या पेशी रोज मरतात, त्यांचा डीएनए सांडतो. तो झाडून घेणारे पदार्थ शरीरात असतात. झाडणारा कमी पडला तर राखणदार आपल्याच धाग्यावर भुंकू लागतो. ल्युपस नावाचा एक आजार आहे. तो बहुधा तरुण बायकांना होतो. गालांवर फुलपाखरासारखा लाल डाग, सांधेदुखी, ताप, मूत्रपिंडाला सूज. तिथे अंग आपल्याच डीएनएशी भांडत असते. या आजारात जंतू नसतो, म्हणून तो कोणाला लागतही नाही. त्यावरही औषधे आहेत.

कुष्ठरोग देशातून गेला, असे बरेच जण समजतात. दर 10,000 लोकांत एकाहून कमी रोगी, ही मजल भारताने 2005 च्या अखेरीस गाठली, हे खरे. पण मजल म्हणजे मुक्काम नव्हे. देशात अजून दर वर्षी लाखाच्या घरात नवे रोगी सापडतात. जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याकडचे. 2019 साली कायदा बदलला आणि हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकला. कायदा बदलला, पण सोयरीक जुळवताना लोक आजही कुजबुजतात. त्या भीतीने माणूस चट्टा लपवतो. लपवला की जंतू वाढतात. जंतू जितके जास्त वाढतील तितके गोळ्यांनी जास्त मरतील, आणि मेलेल्यांची वर्दीही तितकीच मोठी. एका चट्ट्यावर सापडलेल्या रोग्याला वर सांगितलेल्या लाल गाठी उठत नाहीत. त्या पुष्कळ जंतू असलेल्यालाच उठतात.

घरच्या घरी पाहायचे ते एवढेच. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का? डोळे मिटून बसा आणि दुसऱ्या कोणाला त्यावर कापसाची बारीक वात टेकवायला सांगा. चट्ट्यावर कळत नसेल आणि बाजूच्या कातडीवर कळत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गोळ्या चालू असतील तर रोज हातांची बोटे ताठ करून पाहा, पापणी पूर्ण मिटते का पाहा. कोपरामागची शीर दाबून दुखते का पाहा. काही बदल दिसला तर गोळ्यांची तारीख येईपर्यंत थांबू नका. गोळ्यांनी लघवी लालसर होते आणि कातडी काळवंडते. ते औषधाच्या रंगामुळे आहे. गोळ्या संपल्यावर कातडीही हळूहळू पहिल्यासारखी होते. ती रिॲक्शन नव्हे.

घरोघर तपासणी निघते तेव्हा आशाताईबरोबर एक पुरुष कार्यकर्ताही असतो. बायकांना ताई तपासते, पुरुषांना तो तपासतो. सदरा काढून पाठ दाखवा, कारण पाठीवरचे चट्टे पुष्कळदा तसेच राहून जातात.